हॅलिफॅक्सचा म्हणजे नक्की कुठला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या वंशावळ शोधण्याबद्दल लेख आला होता, तो लेकीने मला इथे मेलबर्नला फोनवर पाठवला आणि मी तो दोनदा वाचला. लेख चांगला होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की इंग्लंडमधल्या घराण्यांचं काम सोपं, नाव टाका की चारशे वर्षांचा वृक्ष समोर येतो. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. गेली अडीच वर्षं मी आणि माझ्या विहीणबाई हेच काम करतोय, आणि त्यातलं एक अख्खं वर्ष आम्ही भलत्याच माणसाला पणजोबाचे वडील समजून चाललो होतो. आपल्या मराठी घरांतली मुलं-मुली आता ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडला लग्नं करून राहतायत, नातवंडांच्या शाळेत फॅमिली ट्री करायला सांगतात आणि मग आजी-आजोबाच कंप्यूटरसमोर बसतात, तर त्यांना आमच्या अनुभवाचा उपयोग होईल असं वाटतं.

माझा जावई ऑस्ट्रेलियन. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, लहानपणापासून घरात एवढंच ऐकू आलेलं की आपण हॅलिफॅक्सचे, यॉर्कशरचे, लोकर विणणारे. बाकी काही नाही. एका जुन्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्या पणजोबांचा मृत्यूचा दाखला होता, व्हिक्टोरियाचा म्हणजे मेलबर्न जिथे आहे त्या वसाहतीचा, १८८३ सालचा. व्हिक्टोरियात १८५३ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तिथल्या जुन्या मृत्यूच्या दाखल्यात इतकी माहिती असते की इंग्लंडच्या दाखल्यात त्याच्या निम्मीपण सापडत नाही. वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, जन्म कुठे, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी, मुलं किती. आमच्या दाखल्यावर वडील विणकर, जन्म हॅलिफॅक्स यॉर्कशर, वसाहतीत २९ वर्षं. म्हणजे १८५४च्या आसपास हा माणूस बायको-मुलं घेऊन जहाजात बसला. ही सगळी माहिती त्याच्या मुलाने सांगितलेली, आणि त्या मुलाने आजोबांना कधी पाहिलेलंच नव्हतं हे पण लक्षात ठेवावं लागतं.

एवढं हातात असताना आम्ही काय करायला हवं होतं आणि काय केलं तेच सांगते. आम्ही एका कंपनीला पैसे भरले. नाव लिहीत नाही. सहा आठवड्यांत सुंदर छापलेला वृक्ष आला, वर आडनावाचं राजचिन्ह, ढाल, सिंह, खाली पिढ्यामागून पिढ्या थेट नॉर्मन सरदारापर्यंत, आणि आमच्या माणसाचे वडील हॅलिफॅक्स शहरातले लोकर-कापडाचे व्यापारी. विहीणबाईंनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. त्यांचा आनंद मी पाहिलाय, म्हणूनच नंतरचं सगळं जास्त लागलं.

मला एकच गोष्ट खटकत होती, दाखल्यावर वडील विणकर आणि वृक्षात व्यापारी. विहीणबाई म्हणाल्या, अहो कापडाचाच धंदा ना, मुलगा चुकला असेल सांगताना. पटण्यासारखं होतं. पण मी चाळीस वर्षं हिशेबाचं काम केलंय, दोन ठिकाणी दोन आकडे असले की मला झोप येत नाही.

मग मी त्या मुलखाबद्दल वाचायला लागले आणि पहिलाच धक्का बसला तो हॅलिफॅक्स या शब्दाचाच. आपल्याकडे परगावच्या माणसाने गाव विचारलं की आपण तालुक्याचं नाव सांगतो, कारण वाडीचं नाव सांगून त्याला काय कळणार, अगदी तसंच. हॅलिफॅक्स हे शहर आहेच, पण हॅलिफॅक्स नावाचं पॅरिश म्हणजे चर्चची हद्द इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या हद्दींपैकी एक होती, सव्वाशे चौरस मैलांच्या आसपास, आणि तिच्या पोटात वीसच्या वर टाउनशिप, म्हणजे आपल्या भाषेत मौजे. एल्लंड आणि हेप्टनस्टॉलला स्वतःची मोठी चॅपलं, म्हणजे मुख्य चर्चच्या हाताखालची चर्चं, स्वतःची रजिस्टरं. नुसत्या हेप्टनस्टॉलच्या पोटात परत हेप्टनस्टॉल, वॉड्सवर्थ, स्टॅन्सफील्ड, लँगफील्ड, एरिंगडन असे पाच मौजे. हेप्टनस्टॉल हॅलिफॅक्स शहरापासून तेरा किलोमीटर लांब, डोंगरावर. तिथला माणूस जहाजावर, वसाहतीत, परक्या कारकुनापुढे काय सांगणार? हॅलिफॅक्स. आणि कंपनीने सरळ हॅलिफॅक्स शहरातल्या मुख्य चर्चचं रजिस्टर उघडलं, नाव जुळलं, साल एका वर्षाने इकडेतिकडे, झालं काम.

नाव जुळणं म्हणजे त्या मुलखात काहीच नाही हो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. तिथली आडनावं त्या त्या डोंगरउतारावरच्या एखाद्या शेतावरून, झाडी तोडून केलेल्या जमिनीवरून पडलेली, ज्यांच्या शेवटी रॉइड येतं ती सगळी अशीच, रॉइड म्हणजे जंगल तोडून काढलेलं रान. मर्गाट्रॉइड हे आडनाव १३७१ साली वॉर्ली गावच्या एका माणसाच्या नावात सापडतं. अशी आडनावं एका जागी उगवली आणि पाचशे वर्षं त्याच दरीत वाढत राहिली, त्यामुळे एकेका गावात निम्मी घरं ग्रीनवुड, सटक्लिफ, क्रॅबट्री, हॉर्सफॉल. आणि पाळण्यातली नावं तरी किती, जॉन, विल्यम, थॉमस, जेम्स, मुलींत मेरी, सेरा, हॅना, ग्रेस, बेटी. आजोबांचं नाव नातवाला आणि चुलत्याचं पुतण्याला, मूल गेलं तर पुढच्याला परत तेच नाव. एकाच दशकात एकाच नाव-आडनावाची आठ-दहा मुलं बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात सहज सापडतात. गावातल्या लोकांनाच घोटाळा व्हायचा म्हणून ते आडनाव सोडून बाप-आजोबांच्या नावाने ओळखायचे, टॉम ओ डिक्स ओ हॅरीज, म्हणजे हॅरीच्या डिकचा टॉम. आपल्याकडे गावात अमक्याच्या तमक्याचा म्हणतात तसंच की. हे वाचलं तेव्हा तो मुलूख मला एकदम जवळचा वाटायला लागला.

धंद्याच्या शब्दाचं पण तसंच. कंपनीच्या वृक्षात वरच्या पिढीत एक क्लोदियर होता आणि खाली टीप, धनाढ्य कापड-उत्पादक. इंग्लंडच्या पश्चिमेकडे, ग्लॉस्टरशर-विल्टशरमध्ये क्लोदियर म्हणजे खरंच मोठा शेठ, शेकडो विणकरांना सूत देऊन काम करून घेणारा. पण यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे हॅलिफॅक्स येतं त्या पश्चिम भागात, क्लोदियर म्हणजे साधा माणूस, घरात एक-दोन माग, बाहेर थोडी जमीन, एखादी गाय, आठवड्याला एक तागा विणायचा आणि स्वतः पाठीवर नाहीतर तट्टूवर टाकून बाजारात नेऊन विकायचा. १५५५ साली तर हॅलिफॅक्ससाठी वेगळा कायदा करावा लागला, कारण दलालांकडून लोकर घ्यायला बंदी घातली होती आणि इथले विणकर इतके गरीब की ते थोडी थोडी लोकर विकत घेऊन मैलोन्मैल डोक्यावर-पाठीवर वाहून न्यायचे, त्यांना लांबून एकदम लोकर आणणं परवडणारंच नव्हतं. तोच एक शब्द एका जिल्ह्यात शेठ आणि दुसऱ्या जिल्ह्यात कष्टकरी. हे माहीत नसेल तर माणूस कागद बरोबर वाचूनसुद्धा चुकतो.

आता तो दिवस सांगते. १८१३ पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये छापील फॉर्मची रजिस्टरं आली, बाप्तिस्म्याच्या फॉर्ममध्ये आईबापाचं नाव, राहायचं ठिकाण, बापाचा धंदा. कंपनीने लावलेली नोंद १८१९ची, बाप व्यापारी, पत्ता हॅलिफॅक्समधली एक गल्ली. मी विहीणबाईंना म्हटलं, आपण बाप्तिस्मा पाहिला, दफनाचं रजिस्टर कुठे पाहिलं? त्या जरा थांबल्या, कारण ज्या माणसाची कबर व्हिक्टोरियात आहे त्याचं दफन हॅलिफॅक्सला कशाला शोधायचं. तरी आम्ही बसलो. नुसती यादी नाही, पानाचा फोटो उघडून, एका पानावर आठ नोंदी, पान उलटत उलटत. दफनाच्या फॉर्मवर बापाचं नाव नसतं, फक्त नाव, राहायचं ठिकाण, तारीख, वय. बाप्तिस्म्यानंतर महिन्याभरातच तेच नाव, तीच गल्ली, वयाच्या रकान्यात पाच आठवडे. शाई फिकट होती पण अक्षर स्वच्छ होतं. कंपनीने आम्हाला दिलेला पूर्वज पाच आठवड्यांचा असताना गेला होता, आणि आम्ही वर्षभर त्याला जहाजात बसवून ऑस्ट्रेलियाला आणत होतो. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, हॉलमधली फ्रेम उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. नंतर म्हणाल्या, त्या बाळाला कोणीतरी आठवलं तरी. मला भरून आलं.

त्यानंतर आम्ही सुरुवातीपासून सुरू केलं आणि यावेळी उलटं, म्हणजे इकडून तिकडे, माहीत असलेल्या कागदाकडून माहीत नसलेल्याकडे, एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. आणि नाव शोधायचं नाही, घर शोधायचं. कुठल्या मौजातलं, कुठल्या शेतावरचं, कुठल्या चॅपलचं.

पहिलं लग्न. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो, म्हणून जन्माच्या नोंदीपेक्षा ती कधीकधी जास्त उपयोगी. पण हेप्टनस्टॉलच्या लोकांच्या सरकारी नोंदी टॉडमॉर्डन नावाच्या नोंदणी जिल्ह्यात येतात, हॅलिफॅक्समध्ये नाही. टॉडमॉर्डन गाव त्या काळी अर्धं यॉर्कशर अर्धं लँकेशर, शीव गावाच्या मधून, तिथल्या टाउन हॉलच्या खालून गेलेली, ती १८८८ मध्ये हलवली. म्हणजे हॅलिफॅक्स नाव टाकून शोधणाऱ्याला ही माणसं दिसणारच नाहीत. आम्हाला यॉर्कशर बीएमडी या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींच्या वेबसाइटचा फार उपयोग झाला, ती तिथल्या स्थानिक रजिस्टर ऑफिसांच्या याद्यांवरून केलेली आहे आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते त्यात कळतं. तर १८४४चं लग्न सापडलं. वर विणकर, वराचे वडील विणकर. मग आम्ही त्या चर्चच्या मूळ रजिस्टरचा फोटो मिळवला, कारण मध्यवर्ती सरकारी ऑफिसातून मिळणारा दाखला ही नक्कल असते, सह्या कारकुनाच्या अक्षरातल्या. मूळ पानावर नवरीने सहीच्या जागी फुली मारलीय आणि नवऱ्याने स्वतः सही केलीय, अक्षरं मोठी, एकमेकांपासून सुटी, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली घसरलेलं. विहीणबाईंनी स्क्रीनवर त्या सहीवरून बोट फिरवलं. त्या वयाच्या ७६ व्या वर्षी पणजोबांचं हस्ताक्षर बघत होत्या.

दुसरं सेन्सस. १८४१चा सेन्सस नावानिशी असलेला पहिला उपलब्ध देशभरचा सेन्सस, पण त्यावर विसंबू नका, पंधरा वर्षांपुढच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्माच्या जागी फक्त याच काउंटीत का, नाहीतर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेश, एवढंच. १८५१चा मात्र सोन्यासारखा, त्यात वय नीट, घरातल्या प्रत्येकाचं कर्त्याशी नातं आणि जन्माचं गाव. आमचा माणूस ३० मार्च १८५१ च्या रात्री वॉड्सवर्थ मौजात, वय ३१, हातमागाचा विणकर, वस्टेड म्हणजे लांब धाग्याच्या लोकरीचं सूत, बायको, दोन मुलं, आणि विधवा आई. आईचं नाव आमच्या मृत्यूच्या दाखल्यावरच्या आईशी जुळलं. तीन वर्षांनी हा मुलगा आईला तिथेच ठेवून कायमचा निघून गेला असणार, किंवा ती त्याआधी गेली असेल, ते आम्ही अजून शोधतोय.

तिसरं, जन्म. चर्चच्या रजिस्टरात आमचा माणूस नाहीच. कारण तो चर्चचा नव्हताच, चॅपलवाला होता, इथे चॅपल म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या पंथाचं प्रार्थनाघर. त्या डोंगराळ भागात मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट अशा वेगळ्या पंथांचा जोर फार, हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी मेथडिस्ट चॅपल १७६४ पासूनचं आहे. गंमत अशी की १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायद्याने लग्न मात्र सरकारमान्य चर्चमध्येच लावावं लागायचं, त्यामुळे आईबापाचं लग्न चर्चमध्ये दिसतं आणि मुलं कुठेच दिसत नाहीत, आणि शोधणारा हताश होऊन दुसऱ्याच कुणाची मुलं उचलतो. बॅप्टिस्ट तर तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतच नाहीत. या चॅपलांची बहुतेक जुनी रजिस्टरं १८३७ नंतर सरकारने जमा करून घेतली, ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि त्यांचे फोटो ऑनलाइन बघता येतात. तिथे १८२० सालचं एक पान. अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, आई अमक्याची मुलगी, शेताचं नाव, वॉड्सवर्थ. आईच्या वडिलांचं नाव पण, म्हणजे माहेरचं आडनाव आलं, आणि ते व्हिक्टोरियाच्या दाखल्यावरचंच आडनाव. साठ वर्षांचं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर असलेले दोन कागद एकमेकांशी जुळले. त्या रात्री इथे पहाटेचे दोन वाजले होते, आम्ही दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात चहा करून बसलो.

शेताचं नाव मिळाल्यावर आम्ही जुना नकाशा उघडला. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या वेबसाइटवर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे, मैलाला सहा इंच मापाचे जुने नकाशे फुकट आहेत, यॉर्कशरचेसुद्धा, आणि आजच्या उपग्रहाच्या फोटोवर ठेवून बघता येतात. १८५०च्या आसपासच्या नकाशावर ते शेत आहे, आजही ते घर उभं आहे. या घरांना ओळखायची खूण म्हणजे वरच्या मजल्यावरची ओळीने खिडक्यांची रांग, दोन खिडक्यांमध्ये फक्त दगडाची बारीक पट्टी, कारण माग वर असायचा आणि विणायला उजेड लागतो. सगळं घर त्यात असायचं. मुलं लोकर पिंजायची, बायका कातायच्या, पुरुष मागावर. मग कापड खालच्या ओढ्यावरच्या मिलमध्ये कुटून घट्ट करायचं, त्यासाठी घराघरातून जमवलेलं शिळं मूत्र वापरायचे, त्यानेच लोकरीचं तेल निघायचं, मग शेतात लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवायचं. जुन्या नकाशांवर टेंटर अशा नावाची शेतं दिसतात ती हीच. हे वाळत घातलेलं कापड चोरणाऱ्याला हॅलिफॅक्समध्ये साडेतेरा पेन्सच्या चोरीला मुंडकं उडवण्याची शिक्षा होती, ती शेवटची १६५० मध्ये झाली. आणि मग तागा हॅलिफॅक्सच्या पीस हॉलमध्ये, म्हणजे कापडबाजारात, तो १ जानेवारी १७७९ ला उघडला, मधल्या मोठ्या चौकाभोवती ३१५ खोल्या, तो अजून आहे आणि २०१७ पासून दुरुस्त होऊन परत लोकांसाठी खुला आहे.

हे सगळं मी रंगवून सांगत नाही, शोधाला ते लागतं. कारण १७९८ नंतर दरीत कालवा आला, मग वाफेच्या गिरण्या, १८४१ मध्ये रेल्वे, आणि डोंगरावरची माणसं कामाच्या मागे खाली सरकली. एकच कुटुंब एका सेन्ससमध्ये डोंगरावर, पुढच्यात दरीत, धंदा पण बदललेला, कारण हेब्डन ब्रिज आणि टॉडमॉर्डनकडे लोकरीऐवजी सुती कापड आलं. आधी विणकर असलेला पुढे फस्टियन म्हणजे जाड सुती कापड कापणारा दिसला तर लगेच दुसरा माणूस समजू नये. हातमागवाल्याची मजुरी पडत गेली, आमचा माणूस ज्या वर्षी निघाला त्यावेळी त्याच्या हातातलं कसब कुणाला नकोच होतं, हे समजल्यावर विहीणबाई म्हणाल्या की सोन्यासाठी आले असं आम्हाला सांगितलं होतं, पण ते तर पोटासाठी आले.

अजून एक सांगायचं राहिलं. जुन्या नोंदी वाचताना १६००च्या उत्तरार्धातल्या आणि १७००च्या दफनांपाशी ॲफिडेव्हिट असा शब्द येतो. मला वाटलं कोर्टाचं काही असेल. तर लोकरीचा धंदा वाचावा म्हणून कायदा होता की मृताला फक्त लोकरीच्या कापडातच पुरायचं, आणि कुणीतरी आठ दिवसांत शपथेवर तसं सांगायचं, नाहीतर पाच पौंड दंड, त्यातला अर्धा खबर देणाऱ्याला आणि अर्धा गावातल्या गरिबांना. हा कायदा १६६६ चा, १६७८ मध्ये कडक केला आणि १८१४ पर्यंत पुस्तकात होता. जन्मभर लोकर विणायची आणि जाताना पण तीच अंगावर. त्या रकान्यावर मी बराच वेळ थांबले होते.

डीएनए टेस्टबद्दल लेखात लिहिलंय की आडनाव एक म्हणजे रक्त एक. तसं नाही. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली, हे पण याच वेस्ट रायडिंगमधलं आडनाव, त्यात जवळपास निम्म्या लोकांचं वाय गुणसूत्र, जे बापाकडून मुलाकडे जातं, ते एकसारखं निघालं, म्हणजे मूळ एक असावं हे खरं, पण उरलेले निम्मे? दत्तक, लग्नाबाहेरची मुलं, आईचं आडनाव लावणं, सगळं असतं घराघरात. टेस्ट कागदाच्या सोबतीला चांगली, कागदाच्या ऐवजी नाही. आणि त्या राजचिन्हाचं सांगायचं तर इंग्लंडमध्ये ढाल-चिन्ह हे माणसाला आणि त्याच्या थेट वंशाला दिलेलं असतं, आडनावाला नाही, त्यामुळे आडनावाचं चिन्ह म्हणून जे विकतात ते विकत घेऊ नका.

कंपनीला आम्ही दफनाचं पान पाठवलं. उत्तर आलं की आमच्या उपलब्ध डेटाबेसनुसार काम योग्य आहे. पैशांचं दुःख नाही हो. दुःख याचं की तोच वृक्ष आता ऑनलाइन सतरा जणांनी कॉपी केलाय, सतरा घरांत ते पाच आठवड्यांचं बाळ मोठं होऊन ऑस्ट्रेलियाला जातंय. मी त्यातल्या प्रत्येकाला विनंती करून लिहिलं, चौघांनी दुरुस्त केलं, एका बाईंनी तर फोन करून आभार मानले.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की लेखाचा पुढचा भाग छापाल तेव्हा त्यात हे जरूर द्या की ऑनलाइन यादी ही दुसऱ्या माणसाने वाचून टाइप केलेली असते, पानाचा फोटो स्वतः पाहिल्याशिवाय काही धरू नये, आणि बाप्तिस्मा सापडला की लगेच दफनं तपासावी. वेस्ट यॉर्कशर अर्काइव्ह सर्व्हिसची ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, लीड्स आणि वेकफील्डला केंद्रं आहेत, वेकफील्डला १७०४ पासूनची जमिनीच्या दस्तांची नोंद आहे, आणि १८५८च्या आधीची त्या भागातली बरीच मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. अशा ठिकाणी ईमेल करताना माझ्या पूर्वजांची माहिती द्या असं लिहू नका, कुठलं वर्ष, कुठला मौजा, कुठला कागद ते नेमकं लिहा. मृत्युपत्रासोबतच्या सामानाच्या यादीत पेअर ऑफ लूम्स दिसलं तर दोन माग समजू नका, तिकडे एका मागालाच तसं म्हणायचे, आम्ही ते पण चुकलो होतो.

ज्यांना वेळ आहे त्यांनी फ्रीरेगसारख्या ठिकाणी जुनी रजिस्टरं टाइप करून द्यायचं काम घ्यावं, ते स्वयंसेवकांवर चालतं आणि जगात कुठूनही करता येतं. मी आठवड्याला दोन पानं करते. इंग्रजी जुनी अक्षरं सुरुवातीला वाचता येत नाहीत, एस एफसारखा दिसतो, पण ज्यांनी आजोबांच्या पेटीतले मोडीतले कागद डोळ्यांजवळ धरून लावून बघितलेत त्यांना महिन्याभरात जमतं.

आमचा वृक्ष आता चॅपलवाल्या विणकराच्या बापापर्यंत पक्का आहे, त्याच्या वर एक नाव पेन्सिलने लिहिलंय कारण त्याच नावाचे तिघे वॉड्सवर्थमध्ये होते आणि कुठला आपला ते अजून ठरत नाही. त्या जुन्या फ्रेममध्ये विहीणबाईंनी १८४४ची सही लावलीय. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघी हेप्टनस्टॉलला जातोय, तिथलं जुनं चर्च १८४७च्या वादळात मोडलं, त्याच्या शेजारी नवं बांधलं आणि दोन्ही एकाच आवारात आहेत, जमिनीवर थडग्यांचे दगड फरशीसारखे आडवे, आणि त्या भागातल्या बऱ्याच दगडांवर नावाखाली शेताचं नाव कोरलेलं असतं. तिघांपैकी एकाच्या तरी दगडावर आमच्या शेताचं नाव असेल असं वाटतंय. काही सापडलं तर परत कळवीन.

आपली नम्र,
एक वाचक आजी, मुक्काम मेलबर्न